तो फेस माझा नव्हताच

मित्रांनो, मी एक जुनी तपकिरी बाटली आहे. पेणजवळच्या गडब गावातल्या पोपटभाऊंच्या स्वयंपाकघरात, वरच्या फळीवर माझा मुक्काम असतो. माझ्या पोटात जखम धुण्याचं औषध असायचं. तेच ते, टाकलं की पांढराशुभ्र फेस येतो! बढाई मारायची मला जुनी खोड आहे, हे आधीच कबूल करते. पण आज सांगणार आहे ती माझी खोड मोडल्याची हकीकत.

उजेडाने आतलं औषध निकामी होतं, म्हणून मला हा गडद रंग मिळाला. पोपटभाऊ तेव्हा रोह्याच्या कंपनीत नुकतेच लागले होते. नव्या नवरीचं, म्हणजे सरूचं बोट भात कापताना विळ्याने कापलं, म्हणून शिफ्ट सुटल्यावर त्यांनी मला स्टेशनजवळच्या दुकानातून आणलं. त्या बोटावर मी पहिल्यांदा फेसाळले. "अगो बाय, कसा मळ उकळून येतोय!" सरू म्हणाली. झालं, त्या दिवसापासून मी घरातली डॉक्टर झाले.

काय दिवस होते ते! कुणाचा गुडघा फुटला, कुणाच्या टाचेत काटा गेला, की पोरं धावत यायची, "सरूवैनी, फेसाची बाटली द्या." पोरगं रडता रडता फेस बघून हसायचं. औषध संपलं की पोपटभाऊ रोह्याहून नवं आणून माझ्यातच ओतायचे. आठवलं की अजून गहिवरून येतं.

आमच्या घराचा एक नियम होता. फेस येतो म्हणजे मळ निघतो, म्हणून फेस येतोय तोवर ओतत राहायचं. पोरांच्या लहानसहान जखमा तरीही भरायच्या. त्याचं श्रेय अर्थातच मी घ्यायची.

गेल्या वर्षी भातकापणी झाली आणि वालाची पेरणी सुरू झाली. आमच्याकडे बी हाताने टोकतात आणि पायाच्या अंगठ्याने त्यावर माती लोटतात. तसं करताना भाताचं धसकट सरूच्या अंगठ्यात घुसलं. तिला साखरेचा आजार. सकाळी मी, संध्याकाळी मी, असा महिना गेला. जखम भरेना. उलट तिच्या कडा काळ्या पडल्या.

मग पोपटभाऊ तिला पेणला घेऊन गेले, रामवाडीत मैथिली डॉक्टरांकडे. मलाही पिशवीत घातलं होतं, मोठ्या कौतुकाने. डॉक्टरांनी पाय पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"काकू, पंधरा दिवस बघू. नाही सुधारलं तर मोठ्या दवाखान्यात जावं लागेल. अंगठा काढावा लागेल कदाचित."

सरूने पाय मागे ओढून घेतला. "अंगठाच नाय तर बांधावरनं चालू कशी, मॅडम? अन् आमी हयगय नाय केली. दोन टाइम हे ओततोय की!" तिने मला पुढे केलं.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "तिथंच चुकलं. यातलं जे द्रव्य आहे ना, तेच तुमच्या शरीरातल्या पेशी कणभर स्वतः बनवतात. जखम झाली की त्याचीच हाक जाते. पांढऱ्या पेशी धावत येतात आणि असाच निखारा पेटवून जंतू मारतात. काम झालं की तो विझवायचं सामानही पेशींकडेच असतं. तुम्ही मात्र वरून शेगडीच ओतताय. नवी कातडी येते आणि जळून जाते."

"पन फेस? मळ निघतो तो?"

"तो मळ नव्हेच. पेशींमधलं विझवणारं द्रव्य तुमचं औषध मोडतं, त्याचं पाणी आणि प्राणवायू होतो. त्या प्राणवायूचे ते बुडबुडे."

पोपटभाऊंनी लगेच अक्कल चालवली. "मग विझवायच्या गोळ्या आनतो डबाभर!"

"काका, निखारा सगळाच विझवलात तर हाक कोण मारणार? आवळा, पालेभाजी खाऊ दे काकूंना, साखर ताब्यात ठेवा. जखम सलाईनच्या पाण्याने धुऊन पट्टी रोज बदलायची. आणि विश्वास बसत नसेल, तर धुतलेला बटाटा चिरून त्यावर या बाटलीतला थेंब टाकून बघा."

मला इतका राग आला, म्हणून सांगू! आयुष्यभर सेवा केली आणि आता ही कालची पोरगी मला नावं ठेवते? सरूलाही पटलं नव्हतं. तरी भीतीने तिने दहा दिवस मला हात लावला नाही.

अकराव्या दिवशी दुपारी जखमेला खाज सुटली. सरू घाबरली. पट्टी सोडली, मला उतरवलं, बूच काढलं. मी तर खूश! पण तिचा हात थांबला. शेजारी ताटात भाजीचा बटाटा चिरून ठेवला होता. तिने त्यावर थेंब टाकला.

फसफसून फेस आला. तसाच, पांढराशुभ्र.

"अवो, हिकडं या!" सरू ओरडली. "धुतलाय मी ह्याला. ह्याच्यात कसला मळ?"

पोपटभाऊ बघतच राहिले. मीही. मित्रांनो, एका बटाट्याने माझी जिरवली. ज्या फेसावर मी जन्मभर मिरवले, तो माझा नव्हताच. माझ्यापासून वाचण्यासाठी पेशींनी केलेली ती धडपड होती. किती चिमुकल्या जिवांना मी जाळलं असेल! मला फार लाज वाटली.

सरूने खाली वाकून जखम नीट पाहिली. काळ्या कडेच्या आत गुलाबी कातडीची बारीक रेघ दिसत होती. तिने मला मोरीत उलटं केलं, पार शेवटच्या थेंबापर्यंत. आणि नवी पट्टी बांधली.

पंधराव्या दिवशी दोघं रामवाडीहून परतली. शेजारणीने अंगणातूनच विचारलं, "काय म्हनली गो डाक्टरीन?" सरूने पाय नुसता पायरीवर ठेवला. मग रडत रडत म्हणाली, "पाची बोटं हायत."

मित्रांनो, जखम झाली तर ती स्वच्छ धुवा, झाका आणि डॉक्टरांना दाखवा. त्यांनी सांगितल्याशिवाय माझ्यासारखीचं बूच उघडू नका. अति तेथे माती, हे मी स्वतःच्या अनुभवाने सांगते. तुमच्या आत जे राबतायत त्यांना राबू द्या. मी फळीवर रिकामी बसले आहे. सरूला बरं करण्यात माझा काडीचाही हात नाही, आणि एवढा आनंद मला आजवर कधी झाला नव्हता.