डोणगावचा उखाणा

भालचंद्रानं जास्वंदीचं तेल काढलं आणि विकायला बसला, तेव्हा त्याला कळलं की मेहकरात हजार बायका केसांना तेल लावतात आणि त्यातल्या साडेनऊशे घाण्यावरचंच लावतात. दोन वर्षं झाली, बाटल्या फळीवर धूळ खात होत्या. शेवटी त्यानं बक्षीस लावायचं ठरवलं. चांदीचा कुंकवाचा करंडा, रथसप्तमीच्या हळदीकुंकवात, बालाजीच्या देवळाच्या मंडपात, सगळ्या बायकांसमोर.

आता बक्षीस द्यायचं कसं, इथं घोडं अडलं. त्याच्या मनात सोडत होती. बाटलीला नंबर, नंबरांच्या चिठ्ठ्या, एक उचलायची. जिला लागेल तिचं नशीब, बाकीच्यांनी आपल्या नशिबाला बोल लावावा, दुकानदार मोकळा. शारदेला, म्हणजे त्याच्या बायकोला, हे मिळमिळीत वाटलं. उखाण्यांची स्पर्धा ठेवा, ती म्हणाली, बायका चार दिवस तरी तेलाचं नाव घोकत बसतील. भालचंद्र नेमका त्यालाच भीत होता. एकीला चांगलं म्हणायचं म्हणजे उरलेल्या शंभरजणींचा रुसवा घ्यायचा. निकाल दिला तो त्याच्या मित्रानं, लक्ष्मीकांत वकिलानं. पैसे मोजून घेतलेल्या नंबरावर सोडत काढली की ती लॉटरी होते आणि लॉटरीला नागपूरहून, तेव्हाच्या राजधानीहून, सरकारी परवानगी लागते.

"नशिबाला परवानगी लागते, अकलेला लागत नाही," तो म्हणाला. "स्पर्धाच ठेव."

तर स्पर्धा ठरली. पोस्टकार्डावर बाटलीचं लेबल चिकटवायचं, खाली उखाणा लिहायचा, त्यात तेलाचं नाव हवं आणि नवऱ्याचं हवं. नियम चार ओळींचे होते. पाचवी ओळ राहून गेली हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. उखाणा कुणी घ्यायचा, हे काय कागदावर लिहून सांगायची गोष्ट आहे?

एकशेचाळीस कार्डं आली. शारदा वाचत होती आणि तो हसत होता, कारण बहुतेकींनी लग्नातल्या जुन्याच उखाण्यांत तेल ओतलं होतं. मग डोणगावचं एक कार्ड आलं. अक्षर तिथल्या मास्तरांचं, खाली नाव तानुबाईचं.

*बैल आले गोठ्यात, दिवा लागला घरी,*
*जास्वंद तेलाच्या वासानं उकंडराव आले दारी.*

शारदेनं ते दोनदा वाचलं. "हिनं या माणसाची खरंच वाट पाहिलीय," ती म्हणाली. भालचंद्राच्याही मनात तो गोठा आणि तो दिवा उभा राहिला होता. उखाणा तुमचाच निवडलाय, रथसप्तमीच्या आदल्या दिवशी दुकानी या, असं पत्र त्यानं त्याच दिवशी टाकलं.

ती आली. कपाळ कोरं, हात रिकामे. भालचंद्राला वाटलं, सासू आली असेल, आणि सून का आली नाही असं त्यानं विचारलंही.

"म्याच तानुबाई," ती म्हणाली. उकंडरावांना जाऊन सहा वर्षं झाली होती.

मग तीच पुढं बोलली. "मले तो करंडा नको, भाऊ. म्या काय करू त्याचं? ते गेल्यापासून त्यायचं नाव माह्या तोंडात कोणी येऊ देलं नाही. कार्डावर घेतलं, तं कोणी अडवलं नाही. तेवढं चार बायांत वाचून दाखवा. म्या भाईर बसून आयकीन."

त्याला भरून आलं. "वाचतो," तो म्हणाला, आणि म्हणताना ते खरं होतं.

संध्याकाळपर्यंत त्याचं मन डळमळलं. मंडपात डोणगावची एखादी असणारच. उकंडरावांचं नाव निघालं की ती शेजारणीच्या कानाला लागणार, आणि मग विधवेच्या उखाण्याचं तेल नव्या नवरीच्या डोक्याला कोण लावील? फुकट दिली तरी बाटली कुणी घरात घेणार नव्हतं. लक्ष्मीकांतानं नियम पुन्हा वाचले. सुवासिनी हा शब्द त्यात कुठंच नव्हता, तेव्हा कायदा बाईच्या बाजूनं होता. पण गिऱ्हाईक काही कायदा वाचून तेल घेत नाही, हेही त्यानंच सांगितलं. शारदेनं एवढंच बजावलं की निवड झाली आहे, तोच उखाणा वाचायचा. भालचंद्र तिलाही हो म्हणाला. हो म्हणायला त्याचं काय जात होतं!

दुसऱ्या दिवशी मंडप भरला. भालचंद्र बोलायला उभा राहिला. समोर कुंकू लावलेली दोनशे कपाळं पाहिली आणि त्याचं पाणी पाणी झालं. सगळेच उखाणे इतके सुरेख आहेत, तो म्हणाला, की निवडणारे आम्ही कोण? बालाजीच निवडील. त्यानं कार्डं पितळी घागरीत ओतली. तानुबाईचं तेवढं त्याच्या खिशात राहिलं. त्यातलं एक उचलायला त्यानं शारदेला बोलावलं, तर तिनं हात पदराखाली घेतले आणि ती जागची हलली नाही. मग पुढं बसलेल्या म्हाताऱ्या मनकर्णाबाईंनी कार्ड काढलं. करंडा सुलतानपूरच्या विमलबाईंना लागला. त्यांनी लाजत, अडखळत उखाणा म्हटला, टाळ्या झाल्या, आणि कडेला मांडलेल्या बाटल्या बघता बघता संपल्या.

"ही लॉटरीच झाली की रे," बाजूला उभा असलेला लक्ष्मीकांत त्याच्या कानाशी म्हणाला.

"तक्रार कोण करणार आहे?" भालचंद्र म्हणाला. आणि खरंच कुणी करणार नव्हतं.

तो बाहेर आला तेव्हा तानुबाई लिंबाखाली बसलेली होती. दुपारपासून ती तिथंच होती.

"झालं का वाचून, भाऊ? टाळ्या आयकू आल्या, पन नाव काही उमगलं नाही. लई लांब पडते इथून."

अजूनही खरं सांगता आलं असतं. ती रागावली नसती, रडली असती फार तर, आणि तेच त्याला बघवणार नव्हतं.

"वाचलं," तो म्हणाला.

"बायायनं आयकलं?"

"सगळ्यांनी ऐकलं."

"काय म्हनल्या मंग?"

याची त्यानं तयारी केली नव्हती. मागं तिळगुळाचं ताट घेऊन शारदा येऊन उभी राहिली होती, आणि तो काय सांगतो ते तीही ऐकत होती.

"नाव फार छान घेतलं, म्हणाल्या."

तानुबाईनं तोंडाला पदर लावला आणि नव्या नवरीसारखी हसली. "मंग त्यायलेबी आयकू गेलं असन," ती म्हणाली.

शारदा पुढं झाली. तिनं तानुबाईच्या हातावर तिळगूळ ठेवला, वाकून तिच्या पाया पडली आणि नवऱ्याकडं न बघता मंडपात परत गेली. तानुबाई डोणगावच्या गाडीकडं निघाली. तिला हाक मारावी, खरं सांगून टाकावं असं भालचंद्राला फार वाटलं. ती गाडीत बसेपर्यंत तो तिथंच उभा होता. त्यानं हाक मारली नाही.