अर्धी दाढी

मी एका न्हाव्याच्या दुकानातली खुर्ची बोलतेय. खरं तर मला सवय ऐकण्याची. माझ्यावर बसलेला माणूस पहिली पाच मिनिटं हवापाण्याचं बोलतो, पुढची दहा सरकारचं, आणि गळ्याला वस्तरा लागला की गप्प होतो. माणसाला गप्प करण्याचा याहून खात्रीचा उपाय मी पाहिलेला नाही.

माझा पाय बिडाचा आहे, अंगावर लाल रेक्झिन, मान टेकायला उशी. आत्ताच्या मालकांच्या वडिलांनी मला जुनीच विकत आणली आणि आरशाकडे तोंड करून जमिनीत बोल्ट ठोकून बसवलं. आरशात मागचं काचेचं दार दिसतं आणि दारातून रस्ता. त्यामुळे तीस वर्षं मी जग पाहिलं ते उलटंच. फारसा फरक पडला नाही.

वडिलांनी मुलाला धंदा माझ्यासमोरच शिकवला. फुगवलेल्या फुग्याला फेस लावायचा आणि तो न फोडता वस्तऱ्याने उतरवायचा. फुगे पुष्कळ फुटले. नियम मात्र एकच होता. वस्तरा गळ्यावर टेकला की शेजारी आग लागली तरी दचकायचं नाही, हात मध्येच उचलायचा नाही. सुरू केलेला हात पुरा करायचा आणि मग काय ते बघायचं.

मालकांनी हा नियम पाळला. तेच नडलं.

गेल्या वर्षी एका सकाळी, अकराच्या सुमारास, माझ्यावर घड्याळवाले काका बसले होते. चार दुकानं सोडून घड्याळं दुरुस्त करतात ते. डोळे मिटलेले, तोंडभर फेस. बाहेर लाँड्रीवाल्याच्या धाकट्या भावाशी दोघांचं भांडण चाललं होतं. गाडी लावण्यावरून. गाडी तिसऱ्याच कुणाची तरी होती.

मालकांना आरशात त्या दोघांतल्या एकाची सळई वर गेलेली दिसली. वस्तरा तेव्हा काकांच्या जबड्याखाली होता. मालक दचकले नाहीत. हात पुरा केला, पात्यावरचा फेस कागदाला पुसला, आणि मग वळले. तीन सेकंद लागले असतील, फार तर चार. तोवर तो मुलगा आमच्या पायरीवर पडलेला होता आणि ते दोघे पळाले होते.

मालकांनी दुकानातला टॉवेल त्याच्या डोक्याला दाबून धरला, रुग्णवाहिका येईपर्यंत. तिसऱ्या दिवशी तो गेला.

चौकशीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "तुम्ही काय करत होता?"

"दाढी."

"सळई दिसल्यावर काय केलंत?"

"तो हात पुरा केला."

बरोबरच्या शिपायाला हसू आलं. मग त्याने ते लिहून घेतलं.

गल्ली दोन दिवस बंद राहिली. वर्षातली ही तिसरी घटना, त्यामुळे लोकांना सराव होता. तिसऱ्या दिवशी सगळ्यांनी शटरं वर केली आणि विषय बदलला. शेजारच्या औषधवाल्याने तेवढं सांगितलं की आजकाल जो तो खोकल्याचं औषध घेता घेता हळूच झोपेच्या गोळ्या मागतो, आणि चिठ्ठी मागितली की शिव्या देतो.

मालक रडले नाहीत, कुणावर ओरडलेही नाहीत. कुणी काही विचारलं की "बरं आहे" म्हणायचे. मग एके दिवशी त्यांनी मला आरशापासून गरकन फिरवून बाजूच्या भिंतीकडे तोंड करून ठेवलं आणि दारावर पाटी लावली: 'दाढी बंद. फक्त केस.' भिंतीकडे बघत केस कापून घेताना माणसाला शाळेत शिक्षा झाल्यासारखं वाटतं. गिऱ्हाइकं पांगली.

डबा घेऊन वहिनी येत. मालकांची बायको, पण सगळी गल्ली वहिनीच म्हणते.

"डॉक्टरांना दाखवू या," त्या म्हणाल्या.

"कशाला? ताप आहे का मला?"

"ताप असता तर निदान आकडा तरी दिसला असता. पोर विचारते, बाबा माझ्यावर चिडलेत का. वर्गात पहिली आली म्हणून सांगायला आली, तर तुम्ही नुसतं 'बरं' म्हणालात."

"मग बरंच आहे की ते."

वहिनींनी न उघडलेला डबा परत पिशवीत घातला. पुढच्या आठवड्यात मालकांना हाताला धरून डॉक्टरांकडे घेऊन गेल्या.

त्याच सुमारास एक मोबाइलवाला दुकान घ्यायचं म्हणून बघून गेला. महिनाअखेर काय ते कळवा म्हणाला. मला पायाने ढकलून बघितलं आणि म्हणाला, "ही भंगारात जाईल." माणसं माझ्याबद्दल माझ्यासमोरच बोलतात. मालकांबद्दलही आता तसंच बोलत होती.

घड्याळवाले काका मात्र येत राहिले. त्या दिवसापासून त्यांनी दाढी केली नव्हती, ती छातीवर आली होती. येऊन माझ्यावर बसायचे, भिंत बघायचे आणि जायचे.

महिनाअखेरच्या आदल्या दिवशी त्यांनी विचारलं, "डॉक्टर काय म्हणतात?"

"असं होतं म्हणतात. ज्याला लागतं त्यालाच होतं असं नाही, बघणाऱ्यालाही होतं. गोळ्या आहेत. दर आठवड्याला बोलायला बोलावलंय."

"मग काय बोलतोस?"

"डॉक्टरबाई विचारतात, कसं आहे. मी म्हणतो, बरं आहे."

"म्हणजे दोन बस बदलून तू 'बरं' म्हणायला जातोस."

"हो."

काकांनी मान उशीला टेकली. "मला त्या दिवशी वाटलं, भांडं पडलं. मी विचारलंही, काय पडलं रे? आता दुकानात बारीक स्क्रू पडला तरी अंगाला घाम फुटतो."

"मी लगेच गेलो असतो तर, काका?"

"तर माझा गळा चिरला असता. किंवा तुझं डोकं फुटलं असतं. किंवा तो वाचला असता. मला माहीत नाही."

"मलाही नाही."

"दाढी कर."

"हात चालत नाही."

"चालेल तेवढी कर."

मालकांनी दारावरची पाटी काढली नाही. कात्रीने उजव्या बाजूची दाढी उतरवली, फेस लावला, वस्तरा उघडला. तो गालाच्या वर, हवेतच, बराच वेळ थांबला. काकांनी डोळे मिटले होते. ते हलले नाहीत. त्यांच्या हातांची पकड मात्र माझ्या दांड्यांना कळत होती. मग वस्तरा टेकला. कानाजवळून हनुवटीपर्यंत, हळूहळू, उजवा गाल झाला. जबड्याखाली आल्यावर हात थांबला.

"पुढचं जमत नाही, काका."

"नको मग."

काका उठले आणि फेस पुसला. अर्धा चेहरा गुळगुळीत, अर्धा साधूचा.

"टॉवेल घ्या, तोंड झाकून जा."

"कशाला? कुणी विचारलं तर सांगेन, काम चालू आहे."

ते भर दुपारी गल्लीतून तसेच चालत गेले. औषधवाला गिऱ्हाईक सोडून बाहेर आला. मालक दारात उभे राहून काका त्यांच्या दुकानात शिरेपर्यंत बघत होते. हसले वगैरे नाहीत. आत येऊन त्यांनी मोबाइलवाल्याला फोन लावला.

"दुकान सध्या देत नाही," ते म्हणाले. "नाही, पैशांचा प्रश्न नाही. एका गिऱ्हाइकाची अर्धी दाढी राहिली आहे."

आज पाचवा दिवस. काका रोज येतात. मालक फेस लावतात, वस्तरा उघडतात, थांबतात, कधी नुसताच फेस पुसून टाकतात. काल कानाखालची दोन बोटं जागा झाली. माझं रेक्झिन फाटलंय आणि तोंड अजून भिंतीकडेच आहे. माझी तक्रार नाही.

तुम्ही या दुकानात आलात आणि एकाच माणसाला फार वेळ लागतोय असं दिसलं, तर चुळबुळ करू नका. काय झालं म्हणूनही विचारू नका. बाकावर बसा. वर्तमानपत्र कालचं आहे, पण बातम्या त्याच आहेत.