कलिंगडाखालचा हात

मास्तरांनी तिसरं कलिंगड उचललं, डाव्या तळहातावर तोललं, कान जवळ नेला, उजव्या हाताच्या मधल्या बोटाने त्यावर दोनदा वाजवलं आणि ते सरळ मागे सारलं.

"हे नको. हे अजून शाळेत जातंय."

रांगेतली माणसं हसली. चौथं त्यांनी तसंच वाजवलं, क्षणभर डोळे मिटले आणि समोरच्या बाईंच्या पिशवीत ठेवून दिलं.

"आज संध्याकाळीच कापा. उद्यावर ढकललंत तर मग मला बोल लावायचा नाही."

मास्तर हे काही त्यांचं नाव नव्हतं, आणि शाळेचं तोंडही त्यांनी सातवीपर्यंतच पाहिलं होतं. पण गेली तीस वर्षं रस्त्याकडेच्या या छपराखाली उभं राहून ते कलिंगडांना पास-नापास करत आले होते. कुणीतरी कधीतरी मास्तर म्हणालं आणि ते चिकटलं. त्यांनाही ते आवडत होतं. माणूस तसा थोडा मिजासखोर होता, पण ज्याचं कलिंगड सहसा फिकं निघत नाही त्याची मिजास लोक चालवून घेतात.

छपरामागेच त्यांचा मळा होता. हंगामातल्या पहिल्या शनिवारी तो सगळ्यांना खुला असे, तसा आजही होता. लोक टोपल्या घेऊन वाफ्यांमध्ये शिरत आणि आपल्या हाताने टोमॅटो, काकड्या, कणसं तोडून आणत. बाप लोक पोरांना हातगाड्यांत बसवून शर्यती लावत आणि निम्म्या वाटेत धापा टाकत. एका लांब मेजावर आजूबाजूच्या बायका घरी केलेल्या जॅमच्या बरण्या मांडून बसत. ही सगळी लेकीची करामत होती. पाट्या तिने रंगवलेल्या, माणसं तिने बोलावलेली, वाफ्यांत कुणी कुठून शिरायचं आणि कुठून बाहेर पडायचं हेही तिनेच ठरवलेलं. मळ्याचा सगळा गाडा ती ओढत होती. फक्त कलिंगडांच्या मेजाला तिने पाच वर्षांत हात लावला नव्हता.

त्याला कारण होतं. मास्तरांनी तिला तीन हंगाम शिकवलं होतं. ती वाजवायची, कान लावायची आणि चुकायची. पिकलेल्याला कच्चं म्हणायची, कच्च्याला पिकलेलं. शेवटी एका शनिवारी, भरल्या रांगेसमोर, मास्तर म्हणाले होते, "राहू दे पोरी. तुला कान नाही." लोक हसले, तीही हसली, आणि हातातलं कलिंगड खाली ठेवून टोमॅटोच्या वाफ्यात निघून गेली.

आणि आता खुद्द मास्तरांनाच कान नव्हते.

आधी पाखरं गेली, मग कुकरची शिट्टी, आणि मग माणसं. दोन हंगाम उलटले होते. समोर उभ्या माणसाचे ओठ बघून ते निभावून नेत होते, आणि गिऱ्हाईक काय विचारणार ते तीस वर्षांत पाठच झालं होतं. हे घरात फक्त बायकोला ठाऊक होतं. ती मेजाच्या कडेला पिशव्या घेऊन बसे आणि मागून कुणी हाक मारली की कोपराने ढोसत असे. लेकीला सांगून टाका, असं तिने दहादा बजावलं होतं. मास्तर ऐकत नव्हते, आणि याचा बहिरेपणाशी काही संबंध नव्हता.

त्यांना भीती होती ती खुर्चीची. त्यांच्या वडिलांची नजर अधू झाली तेव्हा मास्तरांनीच त्यांना छपराच्या कोपऱ्यात एक चांगली वेताची खुर्ची दिली होती. लोक येता-जाता म्हाताऱ्याची विचारपूस करत आणि फळ मास्तरांकडून घेत. म्हातारा त्या खुर्चीत चार वर्षं बसला. वडिलांशी आपण वाईट वागलो असं मास्तरांना तेव्हा मुळीच वाटलं नव्हतं, आणि आता ती खुर्ची त्यांना पुन्हा पुन्हा आठवत होती.

कोपर लागलं. मास्तरांनी वर पाहिलं. लेक समोरून येत होती आणि तिच्यामागे दहा-बारा बायका.

"बाबा, या शिवणकेंद्रातल्या. मी म्हणाले होते ना तुम्हाला? शाळेचे गणवेश शिवतात त्या." तिने आवाज उतरवला असावा, कारण ओठ जवळ आले. "यांना कुणालाच ऐकू येत नाही. या केंद्राच्या बाई त्यांचं आपल्याला सांगतील आणि आपलं त्यांना. नुसता नमस्कार करा, मी त्यांना टोमॅटोकडे नेते."

मास्तरांनी नमस्कार केला. केंद्राच्या बाईंनी बोटं हलवून काहीतरी सांगितलं आणि बायकांनी हसून हात जोडले. लेक वळली, बायकाही वळल्या. एक मात्र तिथेच राहिली. साठीची असेल, गळ्यात अजून माप घ्यायची फीत तशीच होती, काढायला विसरलेली. ती कलिंगडांच्या ढिगाकडे बघत होती. मग तिने एक उचललं, मास्तरांसमोर ठेवलं आणि बोटाने हवेत दोनदा वाजवून दाखवलं. भुवया वर करून ती थांबली.

सांगायला कुणी लागलंच नाही. मला शिकव, असं ती म्हणत होती.

लेक धावतच परत आली. तिचा चेहरा उतरला होता. "अहो, त्यांना सांगा ना," ती केंद्राच्या बाईंना म्हणाली, "ते आवाजावरून ओळखतात. त्यांना उगाच वाईट वाटेल. त्यांना म्हणावं, कणसं सुंदर आहेत."

बाईंनी सांगितलं. शिंपिणीने ते पाहिलं, मान हलवली आणि जागची हलली नाही. रांगेतले लोक आता गप्प होते, जसे लोक दुसऱ्याच्या अवघड प्रसंगात गप्प होतात आणि एक पाऊल पुढेही सरकतात.

मास्तरांना सुटायला वाट होती. लेकीने ती स्वतःच करून दिली होती. कसनुसं हसून एक चांगलं फळ भेट दिलं असतं की संपलं होतं. पण समोरची बाई भेट मागत नव्हती, ती विद्या मागत होती. आणि ती या मेजापाशी कुणाला मिळालेली नव्हती, कारण कानाने ओळखायचं असतं असंच मास्तर तीस वर्षं सगळ्यांना सांगत आले होते. ते स्वतः तसं समजत होते. कान गेले त्या हंगामात पहिले आठ दिवस ते रात्री झोपले नव्हते. नवव्या दिवशी त्यांच्या ध्यानात आलं की कलिंगड अजूनही सांगतंय, फक्त ते डाव्या हाताला सांगतंय.

बायकोने यावेळी ढोसलं नाही. ती पिशव्यांची घडी घालत खाली बघत राहिली.

मास्तरांनी शिंपिणीचा डावा हात धरला, उलटा केला आणि तळहातावर कलिंगड ठेवलं. आपल्या बोटाने त्यावर जोरात वाजवलं. तिने कपाळाला आठ्या घातल्या. हातात काहीच पोचलं नसणार. कच्चं होतं ते. मास्तरांनी ते काढून दुसरं ठेवलं, वाजवलं. शिंपिणीचा हात दचकला. तिने झटकन मास्तरांकडे पाहिलं. पिकलेल्या फळाची थरथर अशीच येते, वरून खालपर्यंत आरपार, पाण्याने भरलेल्या हंड्याला बाहेरून धक्का लागावा तशी. मग तिसरं, जास्त पिकलेलं. त्यात ठोका आत जातो आणि आतच राहतो. शिंपिणीने नाक मुरडलं, आणि तेही बरोबर होतं.

मग तिने स्वतःच ढिगात हात घातला. पाच फळं तपासली, चार मागे ठेवली, पाचवं मास्तरांपुढे धरलं. मास्तरांनी तळहात लावला, वाजवलं.

"पास!" ते म्हणाले, आणि आपल्याच आवाजावर ताबा नसल्यामुळे ते फार मोठ्याने म्हटलं गेलं असावं, कारण टोमॅटोच्या वाफ्यातली माणसंसुद्धा वळून बघायला लागली.

टाळ्या वाजल्या. बाकीच्या बायका परत आल्या आणि मेजाभोवती नुसती झुंबड झाली, प्रत्येकीच्या तळहातावर एक कलिंगड. मास्तरांना एवढी मजा कित्येक वर्षांत आली नव्हती. ते एकीकडून दुसरीकडे वाजवत सुटले होते.

शिंपीण मात्र त्यांच्याकडे बघत होती. केंद्राच्या बाई काही म्हणाल्या की मास्तरांची नजर कुठे जाते, पाठमोरं कुणी बोललं की त्यांचा चेहरा कसा कोरा राहतो. पन्नास-साठ वर्षं ज्या गोष्टी तिने स्वतः केल्या होत्या, त्या ती दुसऱ्याच्या अंगावर ओळखत होती, दुसऱ्याने घातलेला टाका ओळखावा तशा. तिने स्वतःच्या कानाला बोट लावलं, मग मास्तरांकडे दाखवलं, आणि हसली. माहेरचं माणूस अचानक बाजारात भेटावं तशी हसली.

केंद्राच्या बाईंनी ते पाहिलं आणि लेकीकडे वळून काहीतरी सांगितलं. त्यांची पाठ मास्तरांकडे होती. काय सांगितलं ते मास्तरांना कळायचं कारण नव्हतं, पण लेकीचा चेहरा त्यांना दिसत होता, आणि तेवढं पुरे होतं.

ती बायकांना घेऊन वाफ्यांकडे गेली. दुपारपर्यंत ती पोरांच्या शर्यती लावत होती, टोपल्या मोजत होती, जॅमवाल्या बायकांना पाणी देत होती, आणि मास्तर कलिंगडं वाजवत होते. पण बोटात जीव नव्हता. मेजामागे, छपराच्या कोपऱ्यात, खुर्ची नेमकी कुठे मावेल हे त्यांचे डोळे आपोआप मोजत होते.

ऊन कलल्यावर गर्दी ओसरली. लेक आली आणि बरोबर त्यांच्यासमोर उभी राहिली.

"कधीपासून?"

"हा तिसरा हंगाम."

तिने आईकडे पाहिलं. "आणि तुला माहीत होतं?"

"मला काय फरक पडला?" आई म्हणाली. "कान शाबूत होते तेव्हा तरी माझं कुठे ऐकत होते?"

लेकीला हसू आलं नाही. "गेल्या वर्षी तर जवळजवळ एकही फळ परत आलं नाही."

"तीन आली," मास्तर म्हणाले, आणि इतक्या अडचणीतही त्यांना बढाई आवरली नाही. "कान होते तेव्हा हंगामात दहा-बारा यायची. आवाज फसवतो गं. आजूबाजूचा गोंगाट, वारा, माणसं. हात फसवत नाही."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांना कळलं.

लेक हलली नाही. तिचे ओठ सावकाश हलले, एकेक शब्द वेगळा दिसावा इतके. "म्हणजे कानाचा प्रश्नच नव्हता."

"नव्हता."

"मी पाच वर्षं..." तिने वाक्य सोडून दिलं आणि मेजावरची एक बारीक काडी उचलून मोडत राहिली.

मास्तरांनी जन्मात फार वेळा म्हटला नव्हता असा एक शब्द होता. तो त्यांनी मेजाच्या कडेला दोन्ही हात टेकून म्हटला.

"चुकलो."

मग ते बाजूला सरले आणि मेजामागची जागा मोकळी केली. लेक तिथे लगेच आली नाही. तिने आधी ओढणीला हात पुसले, मग मेजाला वळसा घालून आली, एक कलिंगड डाव्या हातावर घेतलं आणि वाजवलं. दुसरं घेतलं. तिसरं. मास्तर तिच्या हाताकडे बघतच नव्हते, ते तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. चौथ्या फळाला तिच्या भुवया शिंपिणीसारख्याच उडाल्या आणि तिचे डोळे एकदम भरून आले. मास्तरांनी घाईने दुसरीकडे पाहिलं.

तेवढ्यात रस्त्याकडेला गाडी थांबली आणि कोपऱ्यावरचा बेकरीवाला घाम पुसत आला. बारीकसारीक गोष्टीतही खात्री करून घेणारा माणूस, पावाची ऑर्डर देणाऱ्यालाही तो तीनदा विचारायचा.

"घरी पाहुणे आहेत. आज रात्री कापायचंय, एकदम फर्मास हवं."

लेकीने बापाकडे पाहिलं. बाप पिशव्यांची घडी घालत होता. तिने तीन फळं वाजवली, तिन्ही ठेवून दिली. चौथं वाजवलं, पुन्हा वाजवलं, आणि पुढे केलं.

"हे घ्या. आजच कापा."

बेकरीवाल्याने ते घेतलं, वर-खाली केलं, पण पिशवीत टाकलं नाही. पाच वर्षांपूर्वीच्या त्या रांगेत तोही होता. तो तिच्या खांद्यावरून मास्तरांकडे वाकला. मास्तरांना त्याचे ओठ स्वच्छ दिसले, एकूण एक शब्द दिसला.

"मास्तर, तुम्ही एकदा बघता का? बरोबर आहे ना हिचं?"

मास्तरांनी घडी खाली ठेवली. उजवा हात कानामागे नेला, आणि सगळ्या मळ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"काय म्हणता? मला ऐकू येत नाही हो. तिला विचारा."