पावावरची चकाकी

धाकटीचं आणि तिच्या थोरल्या दिराचं पटत नाही, हे बेकरीतल्या मांजरालासुद्धा ठाऊक होतं. दोघं एका खोलीत आली की ते मुकाट्याने मैद्याच्या पोत्यांमागे जायचं. बाकीच्यांना ती सोय नव्हती. दोन वर्षं त्या दोघांत विस्तव जात नव्हता, आणि तरी दिवसभर दोघांना एकाच भट्टीसमोर उभं राहावं लागे.

भांडणाचं मूळ होतं दूध. धाकटीच्या मुलीला दूध सोसत नसे. मुलगी सात वर्षांची, गोल तोंडाची, म्हणून सगळे तिला बटण म्हणत. दूध, लोणी, चीज, काहीही पोटात गेलं की पंधरा मिनिटांत तिचे डोळे सुजून मिटायचे आणि छातीतून शिट्टी वाजायला लागायची. थेंबही नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यावर भाऊजी काय म्हणाले? "या बेकरीत चाळीस वर्षं लोण्यात पीठ मळतोय. अजून कुणी मेलं नाही."

हे वाक्य धाकटी विसरली नाही. माणूस कसा असतो बघा, दुसऱ्याचं एखादं वाईट वाक्य जपून ठेवतो आणि पुढची सगळी वाक्यं त्याच मापाने मोजतो. लग्न होऊन ती इथे आली तेव्हा मळण्यापासून भट्टी लावण्यापर्यंत सगळं तिला भाऊजींनीच शिकवलं होतं. ते आठवलं की ती आणखी चिडायची.

तिने कोपऱ्यात वेगळं टेबल मांडलं. वेगळा डबा, वेगळी चाळण, कडेला लाल रंग लावलेले वेगळे ट्रे. लोण्याऐवजी तेल आलं, दुधाच्या जागी काय घालायचं यावर मात्र तिने महिने घालवले. पहिला पाव विटेसारखा झाला. दुसरा मधोमध खचला. सोयाच्या दुधाचा बटणने एक घास घेतला आणि "याला पेन्सिलीचा वास येतो" म्हणून बशी सरकवली. शेवटी ओट्स भिजवून, वाटून, गाळून काढलेल्या पाण्यात तिचं पीठ मऊ पडलं. झाकणाच्या डब्यात भाजलेला तो चौकोनी पाव बटण तीन महिने आवडीने खात होती.

"पुठ्ठा भाजतेस का?" जाता येता भाऊजी विचारायचे.

"तुमच्या लोण्याच्या ढेकरांपेक्षा पुठ्ठा बरा," ती म्हणायची. नवरा मधल्या मध्ये मूग गिळून बसायचा. त्या बाबतीत त्याचा हात धरणारा दुसरा कुणी नव्हता.

मग बटणने हट्ट धरला. चौकोनी नको, चुलत भाऊ खातो तसा गोल पाव हवा. धाकटीने पहिल्यांदाच लाल ट्रेवर बारा गोळे मांडले. स्वतः मळले, स्वतः भट्टीत सारले, स्वतः बाहेर काढले. काय सुंदर आले होते! तांबूस, फुगलेले, चकचकीत. तिचा ऊर भरून आला.

भाऊजी टेबलाशी थांबले. वाकून बघत म्हणाले, "हे चकाकलं कशाने?"

धाकटीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तीन महिने हिणवलं, आता चांगलं झालं तर तेही बघवत नाही! "तुमच्या दुधावाचूनही जगात चकाकी असते," ती फणकारली. "जा, तुमचं काम करा."

ते काही बोलायला गेले. तिने पाठ फिरवली. ते गेले.

अर्ध्या तासात बटण दवाखान्यात होती. ओठ फुगलेले, डोळे बंद, अंगभर लाल चट्टे. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, तोंडाला श्वासाचा मास्क लावला, आणि दोन तासांनी ती शिट्टी थांबली. ते दोन तास धाकटी पोरीचा पाय धरून बसली होती. उठली ती पोरीला घरी निजवून तडक बेकरीत आली. कामगार, नवरा, काउंटरवरची बाई, सगळ्यांना भट्टीपाशी बोलावलं आणि भाऊजींकडे बोट दाखवलं.

"यांनी माझ्या पिठात दूध घातलं. माझ्या पोरीच्या जिवावर उठलाय हा माणूस."

भाऊजींचा चेहरा पांढराफटक पडला. "मी?" एवढंच ते म्हणाले. मग एप्रन सोडला, खुंटीला अडकवला आणि पुढे काउंटरकडे निघून गेले. त्यांनी कबूल केलं असंच धाकटीने धरलं. घरी येऊन तिने बटणला बजावलं, "काकांच्या हातचं काहीही घ्यायचं नाही. माझ्या हातचंच खायचं." काउंटरवर काकांशेजारी बसून पिशव्यांवर शिक्के मारणारी पोर काका दिसले की आता आईच्या पाठीमागे लपू लागली. धाकटीला त्याचं वाईट वाटलं नाही. बरंच वाटलं.

आठवडाभरात तिने नवऱ्याला वेगळं होण्याचं सांगितलं. गवंडी येऊन टेप लावून गेला. सोमवारी बेकरीच्या मधोमध भिंत उभी राहणार होती.

शनिवारी दुपारी कामगार जेवायला गेले होते. धाकटीने दाराला आतून कडी घातली. बटणला गोल पाव पुन्हा खायचे होते, आणि या वेळी कुणाची सावलीही पडू द्यायची नाही असं तिने ठरवलं होतं. पीठ मळलं, गोळे केले, फुगू दिले. लाल ट्रे उचलला.

भट्टीच्या दाराशी, उजव्या हाताला, दुधाची वाटी असते. त्यात एक ब्रश बुडवून ठेवलेला. ट्रे आत सारायच्या आधी पावांवर तो फिरवायचा म्हणजे वर चकाकी येते. पाव कशाकशाचा करायचा याच्या यादीत ते दूध कुणी लिहीत नाही, ते कधी पिठात जातच नाही. झाकणाच्या डब्यांना ते लावायची गरजही पडत नाही. पण उघड्या ट्रेला लावायचंच. ब्रश, ट्रे, दार. बारा वर्षांपूर्वी भाऊजींनी हे तिच्या हाताला इतकं पक्कं शिकवलं होतं की आता त्यात डोकं लागत नसे.

दार बंद केल्यावर तिच्या मनगटावर काहीतरी ओघळलं. तिने पाहिलं. ब्रश तिच्या हातात होता. थेंब पांढरा होता.

ती तशीच उभी राहिली. मग मान वर केली. काउंटरकडे पाव द्यायची जी खिडकी होती, तिच्यात भाऊजी उभे होते. किती वेळ, कोण जाणे.

"त्या दिवशी सगळ्यांना बोलावलं होतंस," ते म्हणाले. "आता बोलाव."

"भाऊजी..."

"बोलाव."

तिने कडी काढली. जेवून परतलेले कामगार आत आले, काउंटरवरची बाई आली, नवरा आला. बटणही त्याच्या मागून आली, आणि खिडकीत काका दिसताच आईच्या पदराआड शिरली. अजून ब्रश धाकटीच्याच हातात होता.

"दूध मी लावलं," ती म्हणाली. "आत्ता. आणि त्या दिवशीही. भाऊजींनी काही केलं नव्हतं. माझ्याच हाताने झालं."

नवरा भिंतीसाठी आखलेल्या खडूच्या रेघेकडे बघत राहिला.

"साखरेचं पाणी," भाऊजी खिडकीतून म्हणाले. आवाजात माया नव्हती. "गरम पाण्यात साखर विरघळवायची. पाव भट्टीतून काढले की गरम असतानाच लावायची, कोऱ्या ब्रशने. दूध मिळायचं नाही त्या दिवसांत आम्ही तेच लावायचो. हेच विचारायला थांबलो होतो मी. दूध लावलंस की पाणी." ते थांबले. "भिंत बांध तू. मला हवीच आहे आता." आणि त्यांनी खिडकी ओढून घेतली.

बटण पदराआडून बाहेर आली. तिने आईच्या हातातल्या ब्रशकडे पाहिलं, मग आईकडे.

"मग मी आता कुणाच्या हातचं खाऊ?"

धाकटीने तिला जवळ घ्यायला हात पुढे केला. त्या हातावर दूध होतं. पोर झटकन मागे सरली.

मग ती खिडकीपाशी गेली, टाचा उंचावल्या आणि लाकडावर टकटक केलं.

"काका," ती म्हणाली, "साखरेचं पाणी तुम्ही लावाल?"