बोरिलची सलामी

आमचा बोरिल उशिरा चालला. गल्लीतली त्याच्या बरोबरीची पोरं वर्षाची होताच कोंबड्यांमागे धावत सुटली, आणि हा दीड वर्षाचा झाला तरी पलंगाची कड धरून उभा. माझी वहिनी गालेना काळजीत पडली. माझे बाबा मात्र निर्धास्त.

"जड अंगाचं पोर आहे. याचा बाप तरी कुठे लवकर चालला होता?"

"प्लामेन दहाव्या महिन्यात चालला होता, बाबा. आईच सांगायची," मी म्हटलं.

"तुला तेव्हा कुठे काय कळत होतं. गप बस."

शेवटी चालला एकदाचा. मग आमच्याकडे करतात तसं गालेनानं मध लावलेला गोल पाव अंगणात घरंगळत सोडला आणि बोरिल त्यामागे डुलत डुलत बुटक्या मेजापाशी आला. मेजावर कात्री, पुस्तक, कंगवा, हातोडी असं मांडायचं आणि पोर कशाला हात घालतं त्यावरून ते पुढे काय होणार ते ओळखायचं. बाबांनी आपलं कुस्तीचं पदक अगदी काठावर ठेवलं होतं आणि बाकी सगळं पार पलीकडे सरकवलं होतं. बोरिलनं अर्थातच पदक उचललं. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. "पुस्तक शेजारच्यांच्या घरात ठेवायचं राहिलं," असं मी म्हटलं, पण ऐकतंय कोण.

बाबांना हसणं सोपं आहे. पण आमच्या देलिओर्मानच्या टेकड्यांत वेलिको पैलवान म्हटलं की म्हातारे अजून खुर्ची पुढे करतात. जत्रेत मेंढा जिंकायचा आणि खांद्यावर टाकून गावभर मिरवायचा, असा त्यांचा काळ होता. मुलगा निघाला किडकिडीत, ट्रक घेऊन महिनोन्‌महिने जर्मनीत फिरणारा. म्हणून सगळा जीव नातवात.

आणि नातवाच्या पोटऱ्या काय भरल्या होत्या! तीन-चार वर्षांचं पोर, पण पोटऱ्या तालमीतल्या गड्याच्या. पाहुणे आले की बाबा त्याची विजार वर सरकवायचे. "दाबून बघा. दाबा, दाबा. दगड आहे दगड." राकिया दारूचा पेला बाजूला ठेवून माणसं ते इवले पाय चाचपायची आणि माना डोलवायची.

त्यात सलामीची भर. आमच्याकडे पैलवान कुस्तीआधी वाकतो, जमिनीला हात लावतो, मग गुडघ्यांना, मग मांड्यांवर हात ठेवत ताठ होतो. बोरिल जमिनीवरून नेमका तसाच उठायचा. आधी दोन्ही हात जमिनीवर, मग गुडघ्यांवर, मग मांडीवर एकेक हात वर सरकवत सरळ. कुणी शिकवलं नव्हतं. बाबांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते अंगणातच थांबले, मग टाळ्या वाजवत सुटले. "रक्तातच आहे त्याच्या!" त्या दिवसापासून पोराला मुद्दाम खाली बसवून उठवायचं आणि सगळ्यांनी टाळ्या पिटायच्या, हा आमच्या घरचा खेळ झाला.

सहाव्या वर्षी त्याला जत्रेत उतरवलं. सनई-ढोल सुरू झाले. बोरिल वाकला, सलामी झाली, लोक खूश. मग समोरचं चिमुरडं पोर त्याच्याकडे यायला निघालं आणि हात लागायच्या आधीच आमचा पैलवान पडला. उठला, पुन्हा पडला. लोक हसायला लागले. बाबा हसले नाहीत.

"पाय आळसावलेत," ते घरी येऊन म्हणाले. "मी बघतो."

दुसऱ्या दिवसापासून बाबा त्याला रोज सकाळी गावामागच्या चढावर न्यायला लागले, वरच्या झऱ्यापर्यंत आणि परत. पाहुणे नसले की घरात माझे बाबा मुक्याचा अवतार. जेवताना मीठ हवं असेल तरी बोट दाखवतात. पण त्या वाटेवर त्यांना कंठ फुटायचा. कुठल्या जत्रेत कुणाला कसा चीत केला, कुठल्या मेंढ्यानं घरी येताना त्यांनाच पाडलं, सगळं सांगायचे. खाली विहिरीवर मला त्यांचा आवाज ऐकू यायचा. बोरिल चवड्यांवर तोल सांभाळत त्यांच्यामागे.

"हा टाचा टेकत नाही, ताई," गालेना मला म्हणाली. "रात्री पाय चोळून मागतो."

"मग डॉक्टरकडे ने."

"बाबा म्हणतात, डॉक्टर काय, खाटेवर पाडून ठेवेल."

"बाबांना विचारायचं कशाला? बसचं तिकीट मी काढते."

राझग्राद शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी बोरिलला फक्त जमिनीवर बसायला सांगितलं आणि म्हणाल्या, "आता ऊठ बघू." तो उठला. हात जमिनीवर, गुडघ्यांवर, मांड्यांवर. उठून झाल्यावर त्यानं टाळ्यांसाठी आमच्याकडे बघितलं. बाईंनी चष्मा काढला आणि गालेनाला विचारलं, "हा असा किती दिवसांपासून उठतो?"

राजधानीत, सोफियाला, त्याचं रक्त तपासायला पाठवलं. उत्तर आलं तेव्हा बाबाही सोबत आले होते. स्नायूंचा आजार. पोटऱ्या भरलेल्या दिसतात, पण तिथे स्नायू मरून चरबी आणि तंतू होतात. पायांत जोर नाही म्हणून हातांनी स्वतःला ढकलत उठावं लागतं. हळूहळू चालणं जाईल, मग हात, मग श्वास. मुलग्यांनाच होतो, बहुतेक वेळा आईकडून येतो. हे ऐकून गालेनानं मान खाली घातली ती बस गावात येईपर्यंत वर केली नाही. तिला आणखी मूल हवं होतं. तो विषय तिनं पुन्हा काढला नाही.

बाबांनी एकच विचारलं. "मी त्याला चढ चढवला, त्यानं झालं का?"

"नाही हो. तुम्ही चढवला नसतात तरी हेच झालं असतं."

"म्हणजे चढवत राहिलो तर चालेल?"

"आता नका चढवू," बाई म्हणाल्या.

मूल वाढतं म्हणजे त्याला रोज काहीतरी नवं यायला लागतं, असं आपण धरून चालतो. आमच्याकडे डोकं पुढे जात होतं आणि शरीर मागे. लिहायला शिकला त्या वर्षी जिना गेला. भागाकार आला आणि उभं राहणं गेलं. आवाज फुटला, मिसरूड आलं, वर्गातल्या एका मुलीचं नाव निघालं की कान लाल व्हायला लागले, आणि त्याच हिवाळ्यात हातातला चमचा तोंडापर्यंत पोचेना. मिसरूड फुटलेल्या पोराला आम्ही भरवत होतो. बाळपणी एकेक करून जे आलं होतं ते उलट्या क्रमानं निघून चाललं होतं, आणि शेवटी कुशीवर वळणंही गेलं. मला देवाचा राग आला, अजून आहे. चर्चमध्ये मेणबत्ती लावते ती गालेनाच्या समाधानासाठी.

बाबा गोठ्यात राहायला लागले म्हटलं तरी चालेल. नातवाच्या खोलीत कधी गेलेच तर दारातून बघायचे आणि मागे फिरायचे. मी भांडले, गालेना रडली, काही उपयोग झाला नाही.

शाळा संपल्यावर आमच्याकडे मुलांना नटवून, वाजतगाजत घरातून निरोपाच्या मेजवानीला धाडतात. बोरिलचा कोट मी पाठीत उभा कापला, म्हणजे पुढून हात घालून मागे खोचता येतो. आम्ही त्याला चाकाच्या खुर्चीत बसवलं, नाकावरची श्वासाची नळी नीट केली. मित्र गाडी घेऊन यायचे होते. तेवढ्यात बाबा टोपी हातात धरून आत आले आणि पलंगावर बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"त्या चढावर," ते म्हणाले, "तुला दुखायचं का रे?"

मी बोरिलवर डोळे वटारले. नाही म्हण, पोरा.

"हो," बोरिल म्हणाला. "रोज."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तुम्ही नेलं नसतंत."

"तेच तर. नेलं नसतं मी."

"आजोबा, तुम्ही माझ्याशी तिथेच बोलायचात." तो प्रत्येक वाक्यानंतर श्वास घ्यायला थांबत होता. "चढ बंद झाला, तेव्हा तुम्हीही बंद झालात. मला वाटलं, मी पडलो म्हणून तुम्ही रागावलात. बरीच वर्षं तसंच वाटायचं."

बाबांच्या हातातली टोपी पिळवटून निघाली होती.

"अजून गाडी आलेली नाही," बोरिल म्हणाला. "बोला ना काहीतरी."

ज्या माणसाला प्रत्येक जत्रा, प्रत्येक डाव तोंडपाठ, त्या माणसानं तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. बोरिल वाट बघत होता. मग बाहेर भोंगा वाजला, पोरं हसत आत आली आणि त्याला घेऊन गेली.