कौल न देणारा देव

भातकुलीच्या मैनाबाईला नवा देव सगळाच्या सगळा पटला होता, पण एका बाबतीत तिची त्याच्यावर तक्रार होती. त्याची गाणी गोड होती. तो गरिबाघरी जन्मला होता. त्याच्या नावानं मिशनच्या दुर्गाबाईसारखी माणसं साथीच्या तापात परक्यांच्या उशाशी बसली होती, आणि ते पाहूनच तर मैनाबाईनं आणि तिच्या नवऱ्यानं, किसनरावानं, बाप्तिस्मा घेतला होता. पण हा देव विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर म्हणून देत नव्हता.

आधी तसं नव्हतं. गावच्या देवीसमोर जाऊन बसलं की पुजारी तिच्या दोन्ही खांद्यांना एकेक ओलं फूल चिकटवायचा. उजवं आधी पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. हा देवीचा कौल. पेरणी कधी धरायची, बैल घ्यायचा का, लेकीला कुठल्या गावी द्यायची, सगळं मैनाबाईनं असंच विचारून केलं होतं. किसनराव कधी आत यायचा नाही. त्याला देवाशी बोलायची लाज वाटायची. तो बाहेर वहाणांपाशी उभा राहायचा आणि ती आली की विचारायचा, "काय म्हणे?" ती सांगायची, तो मान डोलवायचा, की काम सुरू. असा त्यांचा संसार झाला होता आणि चांगला झाला होता, खोटं कशाला बोला.

आता फूल चिकटवायचं कुठं? भातकुलीतली चार-सहा ख्रिस्ती घरं ज्या खोलीत उपासनेला जमायची, तिथं समोर नुसती चुन्याची भिंत. देव आहे म्हणतात, पण त्याला खांदाच नाही.

एरवी मैनाबाईनं हे चालवून घेतलं असतं, पण घोडं अडलं ते किसनरावाच्या डोळ्यापाशी. त्याचा उजवा डोळा पूर्वीच गेला होता. बाजारात सुई घेऊन फिरणारा एक वैदू मोतीबिंदू आत ढकलून देतो म्हणाला, आणि किसनराव घरी न सांगता त्याच्यापुढे बसला. डोळा आठवड्यात पिकला नि फुटला. त्याच्या मनानं एकच घेतलं: न विचारता केलं म्हणून गेला. आता डाव्या डोळ्यावरही पडदा आला होता. वावरात त्याला पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचं झाड, कोणती आणि तण कोणतं ते कळेना, म्हणून तो दिवसभर ओसरीवर बसून चाचपडत सरकीपासून कापूस सोडवायचा. अकोल्याच्या मिशनच्या दवाखान्यात एक गोरी डॉक्टरीण मोतीबिंदू काढते, असं दुर्गाबाईनं सांगितलं होतं. पण किसनराव हटून बसला.

"एकच डोया उरला," तो म्हणाला. "तुह्या देवाले विचार. तो हो म्हणन त जातो. नाई त मी हाय तसा बरा."

"माहा देव काहून? तुमचा नाई का?"

"माहाबी हाये. पण विचारनारी तू हायेस."

झालं. मैनाबाई शोधाला लागली. नव्या देवाचा कौल असतो तरी कसा, हे तिला आता कळायलाच हवं होतं.

पहिल्यांदा तिनं सोपा मार्ग धरला. चुलीपुढे बसून म्हणाली, "देवा, ही भाकर फुगली त तुहा हो." भाकर टम्म फुगली. मग तिच्या ध्यानात आलं की आपल्या हातची भाकर फुगली नाही असं आजवर एकदाही झालेलं नाही. तिला स्वतःचंच हसू आलं आणि तिनं तो कौल रद्द केला.

मग तिनं दुर्गाबाईला गाठलं. दुर्गाबाई मिशनची शिकवणारी बाई, शास्त्राचं पुस्तक पिशवीत घालून गावोगाव हिंडायची. मैनाबाईला वाचता येत नव्हतं. ती म्हणाली, "डोये मिटा, पुस्तक उघडा, आन कुठंबी बोट ठेवा. जे निंघन ते वाचा." दुर्गाबाई आधी नाही-नाही म्हणाली, पण मैनाबाईपुढे कुणाचं चाललंय? बोट पडलं ते एका लांबलचक वंशावळीवर. अमक्याला तमका झाला, तमक्याला फलाणा झाला, पानभर तेच. मैनाबाई शेवटपर्यंत मन लावून ऐकत राहिली, कुणाच्या तरी घरात डोळ्याचा विषय निघेल म्हणून. निघाला नाही.

"हे सोयरीक जमवाची असन त ठीक हाये," ती म्हणाली.

तिची जाऊ गोदाबाई जुन्याच देवाची होती, पण जीवाला जीव देणारी. तिनं ऐकलं आणि सरळ उपाय काढला. "तुह्या देवाले बोलता येत नसन त माह्या देवीले विचारतो ना वं. ती का तुले नाई म्हणते?" मैनाबाईचा जीव एकदम त्या दोन ओल्या फुलांकडे ओढला. तिला हे मान्यच करावं लागलं. पण ती म्हणाली, "नको माय. घर बदललं. आता इकडच्या चुलीवर शिजन नाई त उपाशी राहीन, पण दोन्हीकडे ताट नाई मांडत." गोदाबाई जरा रागावली, पण जाताना अंबाडीची भाजी ठेवून गेली.

राहिले पाळक वामनराव. ते महिन्यातून एकदा अमरावतीहून सायकलीवर उपासनेला यायचे. मैनाबाईनं त्यांना घाम पुसायलाही उसंत दिली नाही.

"पाळकसाहेब, हा देव हो का नाई, हे कसं सांगते?"

"प्रार्थना करा, मैनाबाई. मनाला शांती मिळेल."

"माह्या मनाले त दोन भाकरी खाल्ल्या की शांती भेटते. त्याले कौल म्हणू का?"

वामनराव हसले. भला माणूस होता, उगाच फुशारकी मारणारा नव्हता. ते म्हणाले, "खरं सांगू? मलाही तो असं सांगत नाही."

दुसरं कुणी असतं तर निराश झालं असतं. मैनाबाईच्या डोक्यात मात्र एकदम उजेड पडला. असंच असणार! पटवाऱ्याला काय ठाऊक असतं? वरची गोष्ट तहसीलदाराला कळते, त्याच्याही वरची नागपूरच्या मोठ्या साहेबाला. वामनराव बिचारे सायकलवाले. आणि ती डॉक्टरीण? ती तर पिढीजात ख्रिस्ती, पोटातूनच या देवाच्या ओळखीची. शिवाय रोज लोकांचे डोळे कापते. विचारल्याशिवाय कापत असेल का?

तिनं घरी येऊन किसनरावाला सांगितलं, "अकोल्याले चाला. कौल तिथंच भेटते."

"भेटला त चाकू," किसनराव म्हणाला. "नाई भेटला त पुढच्या गाडीनं माघारी."

"कबूल."

बैलगाडीनं बडनेरा, तिथून रेल्वेनं अकोला. दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं बत्ती धरून त्याचा डोळा पाहिला. उंच, हडकुळी, केस करडे. मराठी बोलायची ती छापील, शब्द न् शब्द वेगळा करून.

"मोतीबिंदू चांगला पिकला आहे. उद्या सकाळी काढू."

"बाई," मैनाबाईनं पदर सावरत विचारलं, "तुमी आंधी देवाले विचारता ना?"

"होय. शस्त्रक्रियेआधी आम्ही नेहमी प्रार्थना करतो."

"माह्यासमोर कराल का?"

डॉक्टरीणबाईला नवल वाटलं असावं, पण ती म्हणाली, "या की. पायांपाशी उभ्या राहा, कशाला हात मात्र लावू नका."

मैनाबाई बाहेर आली ती जग जिंकल्यासारखी. "सकायी आपल्या कानानं आयकू," तिनं नवऱ्याला सांगितलं. त्या रात्री ती गाढ झोपली. इतक्या दिवसांचा शोध संपत आला होता.

सकाळी किसनरावाला टेबलावर निजवलं. डोळ्यात औषधाचे थेंब घातले, त्यानं डोळा बधिर होतो पण माणूस जागा राहतो. डॉक्टरीणबाईनं धुतलेले हात समोर धरले आणि डोळे मिटले. मैनाबाईनं मुद्दाम उघडे ठेवले. उत्तर येताना दिसेल तर पाहावं म्हणून.

"हे देवा," डॉक्टरीणबाई म्हणाली, "पुढे काय होईल हे मला माहीत नाही. माझा हात स्थिर ठेव. ह्या माणसाच्या जवळ राहा. आमेन."

आणि तिनं हत्याराकडे हात नेला.

मैनाबाई थांबली. छताकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. तिथंही चुनाच होता. मग तिला राहवलं नाही.

"बाई, थांबा! तो काय म्हणे?"

"कोण?"

"देव. तुमी विचारलं ना. त्यानं काय सांगतलं?"

नर्सनं जिभेनं चुक् केलं. डॉक्टरीणबाईनं मात्र हात थांबवला. ती मैनाबाईकडे बराच वेळ पाहत राहिली आणि तिला बहुधा सगळं कळलं.

"बाई, तो मला आधी कधीच सांगत नाही."

"कवाच नाई?"

"कधीच नाही. काही डोळे वाचतात, काही जातात. मला आधी कळत नाही."

"मंग हात कसा लावता वं माय?"

"भीत भीत लावते," डॉक्टरीणबाई म्हणाली. "एकटी असते तर लावला नसता."

मैनाबाईच्या पायाखालची जमीनच सरकली. म्हणजे वरपर्यंत हेच! पटवारी नाही, तहसीलदार नाही, मोठा साहेबही नाही. कुणालाच हा देव आधी सांगत नाही, आणि तरी ही माणसं उठतात, हात धुतात नि कामाला लागतात. तिला राग आला, आणि रागाच्या आतून एक वेगळंच वाटलं. ही बाई खोटं बोलली असती तर किती सोपं होतं. बोलली नाही.

"मैना," टेबलावरून किसनरावानं हाक मारली. त्यानं सगळं ऐकलंच असणार, पण त्याला ते तिच्या तोंडून हवं होतं, नेहमीसारखं. "काय म्हणे?"

तिच्या ओठांवर शब्द आलाच होता. हो म्हणे. एवढंच म्हणायचं. त्यानं मान डोलवली असती, डोळा निघाला असता, आणि खरं-खोटं करायला कोण येणार होतं? नाही म्हटलं तर तो उठणार, काठी मागणार, आणि उरलेलं आयुष्य ओसरीवर चाचपडत काढणार. तिनं त्याच्या पायांना हात लावला. पाय गार पडले होते.

"काई नाई म्हणे," ती म्हणाली. "कौल नाई आला. तो देतच नाई म्हणते कोनाले."

"डॉक्टरीणबाईलेबी नाई?"

"नाई."

"तुले भेव लागून राहिलं का?"

"लय."

किसनरावानं उचललेली मान परत खाली टेकली. "मंग तू पाय सोडू नको," तो म्हणाला, आणि डॉक्टरीणबाईला म्हणाला, "करा बाई."

पुढचे दिवस त्याला हलायची बंदी होती. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. मैनाबाई त्याला पेज पाजायची आणि खाटेच्या पायथ्याशी बसायची. सवयीनं डोळे मिटायची, पण आता विचारायला काही उरलं नव्हतं. देवाशी हो-नाहीचा व्यवहार बंद झाला की त्याच्याशी बोलायचं तरी काय, असा तिला प्रश्न पडला. मग ती मनात येईल ते बोलू लागली. आज पेज खारट झाली. बाजूच्या खाटेवरची म्हातारी रडते, तिचं कुणी आलं नाही. गोदाबाईनं बैलाला वेळेवर पाणी दाखवलं असेल का? मला भेव वाटतं. सकाळपेक्षा थोडं कमी वाटतं. आणि तिच्या लक्षात आलं की आजवर देवाशी इतकं आपण कधी बोललोच नव्हतो. एक प्रश्न टाकायचा, उत्तर घ्यायचं आणि वहाणा घालून निघायचं, एवढंच होतं.

"कोनाशी बोलून राहिली?" किसनराव पट्टीआडून म्हणाला.

"त्याच्याशी."

"काय म्हणते तो?"

"काई नाई. आयकते."

किसनराव विचारात पडला. पिशव्यांमुळे मान हलवता येत नव्हती, म्हणून नुसती बोटं हलली. "मंग माहंबी सांग ना त्याले."

"काय सांगू?"

"हेच. का... तूच सांग ना काई."

"तुमीच सांगा," मैनाबाई म्हणाली. "तुमाले का तोंड नाई? इथं पुजारी लागत नाई आन मीबी लागत नाई."

तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

पुढे जाड भिंगाचा चष्मा आला, आणि त्यातून किसनरावाला वावराचा बांध, पऱ्हाटीची बोंडं आणि माणसाचं तोंड एवढं दिसू लागलं. सुईत दोरा ओवणं काही जमलं नाही. पण हे सगळं नंतरचं. पट्टी सोडायच्या सकाळी यातलं कुणालाच काही ठाऊक नव्हतं. डॉक्टरीणबाईलाही नाही, आणि तिचा चेहराच ते सांगत होता.

तिनं पट्टीचे वेढे सोडले, कापूस काढला, ओल्या बोळ्यानं पापण्या पुसल्या. "हं. आता डोळा हळूच उघडा."

किसनरावानं उघडला नाही. मैनाबाईला वाटलं, आता तो विचारणार, काय म्हणे. तिनं मन घट्ट केलं. पण तो तिच्याकडे वळला नाही. त्यानं मिटल्या डोळ्यांनीच वर तोंड केलं, घसा साफ केला आणि नव्या सोयऱ्याच्या दारात उभा राहिल्यासारखा लाजत, मोठ्यानं म्हणाला,

"देवा, मी किसन. भातकुलीचा. मैनाचा घरवाला." मग जरा थांबून, "डोया उघडून राहिलो. तू इथंच थांब."

आणि त्यानं डोळा उघडला.