माहेरचा शब्द

लग्नात नवरीचं नाव बदलायची पद्धत ज्यानं काढली, त्यानं आपलं स्वतःचं नाव एकदा तरी बदलून पाहायला हवं होतं. सकाळी कस्तुरा म्हणून उठायचं आणि दुपारच्या पंगती उठायच्या आत ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहिलेल्या भलत्याच नावाला ओ द्यायची! कस्तुराच्या तांदळात ‘नीलिमा’ निघालं. चाकणकडच्या तिच्या कांद्याच्या गावात नीलिमा नावाची शेळीसुद्धा नव्हती.

नाव निवडलं होतं नवऱ्यानं, ज्योतीरामनं. तो चिंचवडला वाढलेला, पंप बनवणाऱ्या एका कंपनीत चिकटलेला. त्याला कस्तुरा हे नाव गावठी वाटलं. लग्नानंतर एकदा तिनं लाडात येऊन म्हटलं, “अहो, चारचौघांत नको, पण आपण दोघंच असलो की मला कस्तुरा म्हणत जा ना.”

“ती मेली आता,” तो हसून म्हणाला.

थट्टाच होती. पण तिनं पुन्हा कधी ते मागितलं नाही. पुढे रात्रशाळेतून मॅट्रिक झाली तीही नीलिमा म्हणून. टायपिंग शिकली आणि ज्योतीरामच्याच कंपनीत लागली, तीही नीलिमा म्हणूनच. आई होती तोवर गावी गेलं की ‘कस्तुरे’ अशी हाक यायची. आई गेली, आणि त्या नावाला ओळखणारा माणूस जगात एकच उरला, ज्यानं ते पुसलं होतं तो.

ब्याऐंशीच्या सुमारास कंपनीत कॉम्प्युटर आला. चिंचवडच्या कारखान्यात त्याच्यासाठी थंडगार खोली केली. आत जाताना चपला बाहेर काढायच्या, आणि दसऱ्याला त्याला झेंडूचा हार. कोणी पाहत नसेल तेव्हा माणसं दारातूनच त्याला हात जोडत. त्याचं एक तोंड मात्र आकुर्डीच्या गोदामात होतं. तिथं एक टर्मिनल ठेवलं होतं आणि टेलिफोनच्या तारेवरून ते इथल्या यंत्राशी बोलायचं. गोदामात काय आलं, काय गेलं, ते तिथूनच यंत्रात भरलं जायचं.

म्हणजे घर चिंचवडला आणि एक दार आकुर्डीला. त्या दारावर राखणीला बसवलं नीलिमाला. कॉम्प्युटर विभागाचे साहेब उद्धवराव मोठे शिस्तीचे गृहस्थ. त्यांनी तिला बजावून सांगितलं होतं, “आकुर्डीहून आधी फोन येईल. आवाज ओळखीचा असेल तरच पांढरं बटण दाबायचं, मग तार जोडली जाईल. आणि तार जोडली म्हणजे सगळं झालं नाही. ज्यानं त्यानं आपला शब्द टाइप केला तरच यंत्र आत घेईल. तो शब्द साक्षात देवालासुद्धा सांगायचा नाही.”

आकुर्डीचं टर्मिनल ज्ञानदेव नावाचा मुलगा सांभाळायचा. मुलगा म्हणायचं ते वयामुळे. तसा तो पिंपरीच्या एका बौद्ध घरातला कर्ता माणूस होता, वडिलांच्या माघारी दोन बहिणींचं बघणारा. फोनवर रोज ठरलेलं बोलणं. “जय भीम ताई, लाइन द्या.” “घ्या भाऊ.” त्याच्या शब्दानं नवी नोंद करता यायची, पण झालेली नोंद बदलता यायची नाही. तो अधिकार नीलिमाच्या शब्दाला होता.

तिनं शब्द ठेवला ‘कस्तुरा’. इंग्रजी अक्षरांत. दुसरं काही तिला सुचलंच नाही. रोज सकाळी ती ते नाव टाइप करायची आणि यंत्र लगेच ओळख द्यायचं. खोटं कशाला बोला, तिला त्याचं सुख वाटायचं. घरात कोणी घेत नव्हतं ते नाव इथं रोज घेतलं जात होतं. बरोबर शब्द कागदावर उमटायचा नाही, नुसत्या फुल्या यायच्या. चुकीचा शब्द मात्र यंत्र जसाच्या तसा छापून दाखवायचं.

एका रविवारी ज्योतीराम मटण खाऊन खुशीत पडला होता. तोही आकुर्डीच्या गोदामातच कारकून होता. सहज विचारल्यासारखं म्हणाला, “काय गं, तुमच्या त्या यंत्राला तू कुठला मंत्र घालतेस?”

“सांगायचा नसतो,” ती म्हणाली. पण नवऱ्यानं आपल्या कामाची चौकशी केली याचंच तिला इतकं अप्रूप, की तिला राहवेना. लाजत, उखाणा घ्यावा तशी म्हणाली, “तुम्ही तांदळात बुडवलंत, ते मी यंत्रातून वर काढलं.”

त्याला काही कळलं नाही असंच तिला वाटलं. तो कुशीवर वळला आणि घोरायला लागला. तिला थोडं वाईटही वाटलं, की याला एवढंही ओळखता येऊ नये!

दिवाळीनंतर गोदामाची मोजणी झाली आणि बोभाटा झाला. बेअरिंगच्या कितीतरी पेट्या जागेवर नव्हत्या. यंत्र म्हणत होतं की त्या खराब निघाल्या म्हणून परत पाठवल्या. ज्या कारखान्यातून त्या यायच्या तो म्हणत होता, एकही परत आलेली नाही. जुनी नोंद कोणीतरी बदलली होती, आकुर्डीच्या टर्मिनलवरून, नीलिमाच्या शब्दानं.

आणि तो सगळा दिवस नीलिमा तर चिंचवडला खुर्चीवर बसलेली! म्हणजे तिनं शब्द कोणाला तरी दिला. कोणाला, हे ठरवायला कोणाला ज्योतिषी लागला नाही. टर्मिनल ज्ञानदेवच्या ताब्यात. त्यात तो वस्तीतला, नवीन, आणि त्याच्या मागे बोलणारं कोणी नाही. तार चालू ठेवून आपण जेवायला गेलो होतो, हे त्यानं स्वतःहून सांगितलं, तर तेच त्याच्या अंगाशी आलं. त्याला कामावरून घरी बसवलं आणि दोन दिवसांनी तपासणीची माणसं येणार, तेव्हा पोलिसांत द्यायचं की कसं ते ठरवू, असं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी गेटवर तो नीलिमाची वाट पाहत थांबला होता. “ताई, शब्द तुमचा. तुमी तरी सांगा ना सायबांना, की मला कदी सांगितला न्हाई म्हणून.”

“सांगितलं भाऊ. पटत नाहीये त्यांना.”

“मग माझ्या बहिणींना मी काय सांगू?” तो म्हणाला.

उद्धवरावांनी तिला ताबडतोब शब्द बदलायला लावला. ते रागावले असते तर बरं झालं असतं; ते नुसते म्हणाले, “मी तुमच्यावर दार सोडलं होतं, बाई.” ती मान खाली घालून जागेवर आली आणि नोंद बदलली त्या दिवसाचा छापील कागद काढून बसली. शब्द गेला कसा, हे तिचं तिलाच कळत नव्हतं. कोणाला सांगितला नाही, लिहून ठेवला नाही.

कागदावर भर दुपारची वेळ होती. आधी एक चुकीचा शब्द: KASTURI. त्याखाली दुसरा चुकीचा शब्द: KASTURBAI. आणि त्याखाली फुल्या. तिसऱ्या खेपेला दार उघडलं होतं.

इतरांनी तो कागद पाहिला होता. त्यांना ती नुसती कसलीतरी अक्षरं वाटली. नीलिमाच्या मात्र पायाखालची जमीन सरकली. पाळत ठेवून शब्द चोरणारा माणूस असा चाचपडत नाही. असा चाचपडतो तो, ज्याला नाव एके काळी माहीत होतं आणि जो ते विसरलाय.

चोरीचं दुःख नंतर झालं. आधी दुखलं ते हेच, की त्याला माझं नावसुद्धा धड आठवलं नाही. कस्तुरी? कस्तुरबाई? लग्नाआधी पत्रिकेवर वाचलेलं, बायकोनं एकदा लाडानं मागितलेलं नाव, ते त्याला तीनदा खडा टाकून शोधावं लागलं! इतक्या वर्षांत एकदा तरी त्यानं ते तोंडात घेतलं असतं तर चुकला नसता. ती थंडगार खोलीत बसून रडली आणि कोणी आलं तेव्हा सर्दी झाली म्हणाली.

घरी तिनं आडवळणानं काही विचारलं नाही. “तुम्हीच ना?”

ज्योतीराम चहा पीत होता. त्यानं कप खाली ठेवला, पण आढेवेढे घेतले नाहीत. “मग? काळेवाडीतल्या आपल्या नव्या दोन खोल्या काय नुसत्या ओव्हरटाइमवर उभ्या राहिल्या वाटतं तुला? भिंतीला हात लावून किती खूश झाली होतीस. तेव्हा नाही विचारलंस.”

“माझा शब्द चोरलात.”

“चोरला काय? नवरा आहे मी. घरातलीच वस्तू घरात वापरली.” मग आवाज मऊ करून तो म्हणाला, “हे बघ नीलिमा, तुझ्यावर काही येत नाही. आळ त्या ज्ञानदेववर आलाय, तो निस्तरेल. तू फक्त गप्प बस. एवढं तरी करशील ना नवऱ्यासाठी?”

ती गप्प बसली. काळेवाडीच्या भिंतींना तिनं खरंच हात लावला होता, आपलं घर म्हणून. आता बोललं तर नवरा जातो, घर जातं, सासरचे दार लावून घेतात. न बोललं तर गेटवर उभा असलेला तो पोरगा जातो. रात्रभर ती हेच तोलत राहिली आणि सकाळी काहीही न ठरवताच कामावर गेली. खरंच सांगायचं तर गप्प बसण्याकडेच तिचं मन झुकलं होतं. माणूस आपल्या छपराला भितो.

तपासणीची माणसं उद्धवरावांच्या खोलीत येऊन बसली होती. एवढ्यात आकुर्डीचा फोन वाजला. तिनं उचलला. “जय भीम ताई” ऐकायची कानाला इतकी सवय, की क्षणभर ती त्याचीच वाट पाहत राहिली.

“कस्तुरा,” पलीकडून आवाज आला.

आईनंतर कोणी ही हाक मारली नव्हती. आणि केवढी गोड मारली होती!

“कस्तुरा, ऐक ना. मी एकटाच आहे इथं. पटकन लाइन दे आणि नवा शब्द सांग. ती नोंद पुसून मी ज्ञानदेवच्या शब्दानं नव्यानं टाकतो, तो त्यानं ड्रॉवरमध्ये लिहून ठेवलेला सापडलाय मला. मग तुझ्यावर कोणी बोट ठेवणार नाही. कस्तुरा? ऐकतेस ना? मी तुला आता कायम कस्तुराच म्हणेन, बघ.”

तिचं बोट पांढऱ्या बटणापाशी होतं. इतकी वर्षं ती ज्या हाकेसाठी झुरली, ती शेवटी आली ती अशी, किल्लीसारखी, कुलपात फिरवून बघायला. या माणसाला तिचं नाव दोनदाच आठवलं, आणि दोन्ही वेळा त्याला कुठंतरी आत शिरायचं होतं. यंत्र बिचारं अक्षरं बरोबर आली की उघडतं. त्याला काय कळतं, कोण हाक मारतंय ते!

तिनं बोट मागे घेतलं.

उद्धवराव दारात येऊन उभे होते. “कोणाचा फोन आहे?”

लग्न झाल्यापासून तिनं नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय कधी घेतलं नव्हतं. कोणी विचारलंच तर ‘आमचे हे’. फोनमधून अजून “कस्तुरा, कस्तुरा” चाललं होतं. तिनं फोन तसाच उद्धवरावांच्या हातात दिला.

“ज्योतीरामचा,” ती म्हणाली. मग टेबलावरचा कागद उचलून त्या दोन चुकलेल्या शब्दांवर बोट ठेवलं. “आणि साहेब, हे जे दोनदा चुकलंय ना, ते माझं नाव आहे.”